पगार थांबल्यावर गाडीचा विमा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या विमा कायद्यात चार-पाच ओळींचं एक कलम आहे. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, किंवा साठी गाठून निवृत्त झालेल्या आणि पेन्शन घेणाऱ्या माणसाला गाडीचा विमा देताना, जो पगार आता त्याला मिळतच नाही त्या पगाराच्या भरपाईचं कव्हर त्याच्या गळ्यात मारायचं नाही. याची चौकशी करण्याची जबाबदारी विमा देणाऱ्यावर आहे, आणि ते कव्हर वगळलं की हप्ताही त्या प्रमाणात कमी करायचा आहे. हा नियम १९८७ पासून आहे. तरीही ओळखीच्या ज्येष्ठांचे विम्याचे कागद वाचून द्यायला बसलं की निवृत्तीला चार-चार वर्षं होऊन गेलेल्या माणसाच्या कागदावर गाडीचा वापर ‘रोज कामावर जाण्यासाठी’ असाच लिहिलेला सापडतो. एजंटने विचारलेलं नसतं, यांनी सांगितलेलं नसतं, आणि दर सहा महिन्यांनी बँकेतून हप्ता आपोआप जात राहतो.

१९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातून इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक इथे आले. त्यांतले काही मिनियापोलिस-सेंट पॉलच्या थंडीत स्थिरावले. त्या पिढीने भराभर पैसे साठवले, घरं फेडली, मुलांना शिकवलं, आणि आता ती सत्तरीत-ऐंशीत आहे. गाडी चालवणं सोडण्याचा विचार त्यांच्या मनात नाही, आणि सोडूनही भागण्यासारखं नाही. उपनगरात दूध आणायला, देवळात जायला, डॉक्टरकडे जायला गाडीच लागते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की विमा कसा घ्यायचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. नोकरीत असताना आपण विम्याने गाडी सांभाळतो, कारण गाडी गेली तर कामावर जाणं अडतं आणि हाताशी रोख कमी असते. निवृत्तीनंतर चित्र उलटं होतं. रोख असते, पण ती पुन्हा कमावता येणार नसते. शरीर एकदा मोडलं तर पूर्वीसारखं भरून येत नाही. म्हणून हप्त्याचा पैसा पत्र्यावरून काढून साठवणीकडे आणि शरीराकडे वळवायला हवा. बहुतेक ज्येष्ठ याच्या नेमकं उलट करतात. पत्र्यासाठी कमीत कमी डिडक्टिबल ठेवतात, म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा वाटा लहान ठेवतात, आणि दुसऱ्याला झालेल्या इजेसाठीचं कव्हर मात्र तीस वर्षांपूर्वी घेतलं तेवढंच राहू देतात.

आधी पत्रा, कारण हिवाळ्यात डोळ्यांना तोच दिसतो.

मिनेसोटाची थंडी म्हणजे काय, याचा एक आकडा पुरे आहे: २ फेब्रुवारी १९९६ रोजी टॉवर या गावी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. रोजच्या हिवाळ्यात एवढं होत नाही, पण उणे पंधरा-वीसचे दिवस नेमाने येतात. रस्त्यावर टाकलेलं मीठ साधारण उणे नऊ अंशांच्या खाली नीट काम करत नाही. म्हणजे ज्या दिवशी मिठाची सर्वात जास्त गरज, त्या दिवशी ते निरुपयोगी ठरतं. डांबरावर न दिसणारा पातळ बर्फ धरतो, इथे त्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. चौकातल्या सिग्नलजवळ थांबणाऱ्या गाड्यांच्या धुरातलं पाणी तिथेच गोठतं, त्यामुळे नेमकं ब्रेक मारायच्या जागीच रस्ता सर्वात गुळगुळीत झालेला असतो.

अशा चौकात आपली गाडी घसरून पुढच्या गाडीवर आदळली, तर दोष सहसा आपलाच धरला जातो. बर्फ होता ही सबब चालत नाही; बर्फ आहे म्हणूनच हळू आणि अंतर ठेवून चालवायचं होतं, असं मानलं जातं. समोरच्याच्या गाडीचं नुकसान आपल्या लायबिलिटीतून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या कव्हरमधून जातं. आपल्या गाडीचं नुकसान ‘कोलिजन’ नावाच्या कव्हरमधून जातं, आणि ते आपण घेतलेलं असलं तरच. भारतात ज्याला आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतो तिच्यात टक्कर, चोरी, आग, सगळं एकत्र येतं. इथे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे टक्कर सोडून बाकीचं: चोरी, आग, गारा, वादळ, पूर, वरून पडलेली वस्तू, काच फुटणं, आणि प्राण्याला धडकणं. नुकतेच इथे स्थायिक झालेले आई-वडील मुलाची पॉलिसी पाहून ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे ना, मग झालं’ म्हणतात, तेव्हा ही गोष्ट त्यांना सांगावीच लागते.

प्राण्याचा मुद्दा इथे क्षुल्लक नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा हरणांच्या माजाचा हंगाम, आणि त्याच सुमारास घड्याळं मागे घेतली जात असल्यामुळे संध्याकाळची फेरी अंधारात होते. हरणाला गाडी धडकली तर नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्हमधून मिळतं, आणि त्यात चालकाचा दोष मानत नाहीत. हरणाला वाचवायला चाक वळवलं, हरीण पळालं आणि गाडी खड्ड्यात किंवा झाडावर गेली, तर ती टक्कर, म्हणजे कोलिजन. पोलीस आणि वाहतूक खातं वर्षानुवर्षं सांगतात की चाक वळवू नका, सरळ ब्रेक दाबा. तो सल्ला जीव वाचवण्यासाठी आहे, कारण खड्ड्यात उलटण्यापेक्षा हरणाची धडक बहुधा कमी घातक असते. विम्याच्या दृष्टीनेही तोच बरा.

हिवाळ्याने होणारं बरंच नुकसान मात्र कुठल्याच कव्हरमध्ये बसत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक चिडतात. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीचा मसुदा ज्या नमुन्यावरून घेतलेला असतो त्यात चार गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत: झीज, गोठणं, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड, आणि रस्त्यामुळे टायरचं होणारं नुकसान. म्हणजे मिठाने खालचा पत्रा गंजला, कूलंट पातळ असल्यामुळे इंजिनमध्ये पाणी गोठून तडा गेला, उणे पंचवीसला बॅटरी मेली, तर खर्च आपला. खड्ड्यात आदळून चाकाची रिम वाकली तर कोलिजनमधून मागता येईल, पण फक्त टायर फुटला तर नाही. या नुकसानीवरचा उपाय पॉलिसीत नाही, गॅरेजमध्ये आहे. ऑक्टोबरात बॅटरी तपासून घ्यावी, कूलंट किती अंशांपर्यंत तग धरेल ते मेकॅनिककडून मोजून घ्यावं, आणि हिवाळ्यात अधूनमधून गाडीचा खालचा भाग धुऊन घ्यावा.

काचेकडे मात्र नीट लक्ष द्या. बर्फाळ रस्त्यावर पकड यावी म्हणून वाळू आणि बारीक खडी टाकतात. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक दाणा काचेवर ‘टक्’ करून आपटतो आणि मुगाएवढा टवका पडतो. त्या दिवशी तो दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काच बर्फासारखी गार असते, आपण आतून डिफ्रॉस्टर पूर्ण जोरात लावतो, आतली बाजू गरम होऊन प्रसरण पावते, बाहेरची गारच राहते, आणि त्या टवक्यापासून एक रेघ निघून डोळ्यांदेखत ड्रायव्हरसमोरून आडवी पळते. टवका असतानाच भरून घेतला तर काम अर्ध्या तासाचं. रेघ निघाली की काच बदलावी लागते. आणि अलीकडच्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा बसवलेला असतो, जो लेन ओळखतो आणि आपोआप ब्रेक लावतो. काच बदलली की त्याचं मोजमाप पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, त्याचं बिल वेगळं. मिनेसोटाच्या कायद्यानुसार कॉम्प्रिहेन्सिव्ह घेणाऱ्या ग्राहकाने मागितलं तर कंपनीला सगळ्या काचांचं पूर्ण कव्हर, डिडक्टिबलशिवाय, द्यावंच लागतं. ‘ग्राहकाने मागितलं तर’ हे शब्द महत्त्वाचे. मागितलं नाही तर ते पॉलिसीत असेलच असं नाही. माझ्या मते पत्र्याच्या बाजूला ज्येष्ठाने आवर्जून घ्यावं असं हे एक कव्हर आहे. पैशांपेक्षा नजरेचं कारण मोठं. सत्तरीनंतर समोरून येणाऱ्या दिव्यांची चकाकी जास्त त्रास देते, आणि तडा गेलेल्या काचेवर ती पसरते.

आता डिडक्टिबल. कोलिजनचं डिडक्टिबल ५०० वरून १,००० डॉलर केलं आणि समजा वर्षाला ८० डॉलर वाचले. म्हणजे सव्वासहा वर्षांत एकदाही दावा केला नाही तर वाढीव वाटा वसूल. पण खरा मुद्दा याहून साधा आहे. आपल्या चुकीचा दावा केला की कंपनी पुढची काही वर्षं हप्ता वाढवते. त्यामुळे सातशे-आठशे डॉलरच्या खरचट्यासाठी शहाणा माणूस दावा करतच नाही. जो दावा आपण करणारच नाही तो करण्याचा हक्क विकत घेऊन ठेवण्यात काय अर्थ? बचत खात्यात हजार डॉलर बाजूला ठेवता येत असतील तर डिडक्टिबल वाढवावं.

गाडी जुनी असेल तर कोलिजन काढूनच टाकावं का, हा प्रश्न हमखास येतो. गाडी पूर्ण निकामी झाली तर कंपनी नव्या गाडीची किंमत देत नाही, अपघाताच्या दिवशीच्या बाजारभावाने पैसे देते. आणि मिनेसोटात दहा-बारा हिवाळे काढलेल्या गाडीला गंज हा भाव पाडणारा मोठा दोष असतो. समजा गाडी ५,००० डॉलरची आणि डिडक्टिबल १,०००, तर हाती जास्तीत जास्त ४,००० येणार. त्यासाठी वर्षाला ३५० मोजत असाल तर ते महागात जातं. कोलिजन काढावं, कॉम्प्रिहेन्सिव्ह ठेवावं. ते स्वस्त असतं आणि हरीण, गारा, चोरी, काच त्यातच आहेत. गाडीवर कर्ज असेल तर हा पर्याय नाही. कर्ज देणारी बँक दोन्ही ठेवायला लावते.

घरात एकच गाडी असेल तर भाड्याच्या गाडीचं कव्हर ठेवा. पहिल्या मोठ्या बर्फानंतर पत्र्याचं काम करणारी गॅरेजेस आठवडेच्या आठवडे भरलेली असतात. रस्त्यात मदतीचं कव्हरही ठेवावं, पण आधी पाहावं की गाडीच्या कंपनीकडून किंवा ट्रिपल-ए सारख्या क्लबकडून तेच आधीच मिळत नाही ना. एकाच टोईंगचे पैसे दोन ठिकाणी भरणारी घरं थोडी नाहीत.

इथपर्यंतचं सगळं नुकसान मोजता येतं. सर्वात वाईट म्हणजे एक गाडी गेली. यानंतरच्या नुकसानीला तळ नाही.

भारतातून आलेल्या माणसाच्या मनात थर्ड पार्टी विमा म्हणजे एक पूर्ण भिंत असते, आणि त्याला कारण आहे. भारतात मोटार वाहन कायद्याखालच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई न्यायाधिकरण ठरवेल तेवढी असते. विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख रुपयांची. अमेरिकेत असं नाही. इथे लायबिलिटी आपण घेऊ तेवढीच असते आणि त्यापुढचं आपल्यावर येतं. मिनेसोटात कायद्याने सक्तीची किमान रक्कम ३०/६०/१० अशी लिहितात: एका जखमी माणसासाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार, आणि मालमत्तेसाठी १० हजार. रस्त्यावर पन्नास-साठ हजार डॉलरचे पिकअप ट्रक फिरत असताना दहा हजारांत काय होणार? आणि अमेरिकेतल्या एका शस्त्रक्रियेपुढे तीस हजार म्हणजे काहीच नाही.

मिनेसोटा १९७५ पासून ‘नो-फॉल्ट’ राज्य आहे. म्हणजे कुणाच्याही चुकीने अपघात होवो, प्रत्येकाच्या उपचारांचा सुरुवातीचा खर्च ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या विम्यातून जातो. हे ऐकून कित्येकांना वाटतं की आपल्यावर खटला होऊच शकत नाही. होऊ शकतो. उपचारांचा खर्च ४,००० डॉलरच्या वर गेला, किंवा इजा कायमची राहिली, किंवा माणूस साठ दिवस वा अधिक काळ आपली नेहमीची कामं करू शकला नाही, किंवा मृत्यू झाला, तर वेदना आणि त्रासाची भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा होतो. चार हजार डॉलर तर इमर्जन्सी रूममधल्या एका रात्रीतही उलटतात. गाडीच्या नुकसानीला नो-फॉल्ट लागूच नाही. ते ज्याची चूक त्याच्याकडून.

निवृत्त माणसाकडे काय असतं ते पाहा. फेडलेलं घर, निवृत्तीची खाती, बँकेत थोडी ठेव, शेअर, कधी भाड्याने दिलेलं दुसरं घर. नोकरीतून आलेल्या ४०१(के) खात्याला कायद्याचं बरंच संरक्षण असतं, पण बाकीचं उघडं असतं. तिशीतल्या माणसाकडून वसुली करायची तर त्याच्याकडे फारसं काही नसतं; सत्तरीतल्या काकांकडे चाळीस वर्षांची पुंजी असते. म्हणून वय वाढतं तसं लायबिलिटी वाढायला हवी. किमान २५०/५००/१०० घ्यावी. किमान मर्यादेपासून तिथवर जायला लागणारा जादा हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो, कारण मोठे दावे विरळ असतात. त्यावर दहा लाख डॉलरची ‘अम्ब्रेला’ पॉलिसी, म्हणजे ही मर्यादा संपल्यावर पुढचं भरणारी, सहसा वर्षाला काही शे डॉलरमध्ये मिळते, आणि ती देण्याआधी कंपन्या बहुधा खालच्या पॉलिसीत २५०/५०० ची अट घालतातच. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: खटला झाला तर लायबिलिटी विम्याखाली वकील उभा करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि सर्वसाधारण पॉलिसीत तो खर्च मर्यादेतून वजा होत नाही. सत्तरीत कोर्टाची कागदपत्रं हातात पडणं काय असतं, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला या वाक्याची किंमत कळेल.

आता स्वतःचं शरीर. नो-फॉल्टचा जो भाग आपल्याला मिळतो त्याला पीआयपी म्हणतात. मिनेसोटात तो किमान ४० हजार डॉलरचा असतो: २० हजार उपचारांसाठी, २० हजार इतर नुकसानीसाठी. त्या इतर नुकसानीतच बुडालेला पगार येतो, पगाराच्या ८५ टक्के, आठवड्याला जास्तीत जास्त ५०० डॉलर. निवृत्त माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि सुरुवातीला सांगितलेलं कलम त्यासाठीच आहे. पण याच वीस हजारांत आणखी एक लाभ आहे, जो पगाराच्या लाभापेक्षा ज्येष्ठांच्या कितीतरी अधिक कामाचा आहे आणि ज्याचा दावा फार कमी जण करतात. अपघातात जखमी झाल्यामुळे घरातली जी कामं तुम्ही स्वतः करत होता ती आता पैसे देऊन करून घ्यावी लागली, तर तो खर्च आठवड्याला २०० डॉलरपर्यंत मिळतो, पहिले सात दिवस सोडून. स्वयंपाक, साफसफाई आणि हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ काढणं. जानेवारीत मनगट मोडलेल्या माणसाने फावडं कसं धरायचं? शेजारच्या मुलाला पैसे देऊन बर्फ काढून घेतलात तर तारीख, काम आणि रक्कम वहीत लिहा, पावती घ्या आणि ती पाठवा.

‘आम्हाला मेडिकेअर, म्हणजे सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा आहे, पीआयपी कशाला?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पीआयपी सक्तीचं आहे, त्यामुळे तो पर्यायच नाही. पण क्रम समजून घ्यावा. गाडीच्या अपघातात नो-फॉल्ट विमा आधी देतो, मेडिकेअर नंतर. दवाखान्यात कार्ड दाखवताना मेडिकेअरसोबत गाडीच्या विम्याचा दावा क्रमांकही द्यावा लागतो; नाही तर बिलं चुकीच्या दारी जातात आणि महिनोन्‌महिने परत फिरत राहतात. शिवाय मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर विकत घ्यायलाही आधी पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं. अशा घरात पीआयपीचे वीस हजार हा फार मोठा आधार असतो. भारतातून दोन-चार महिन्यांसाठी आलेले आई-वडील मुलाच्या गाडीत बसलेले असताना जखमी झाले आणि त्यांचा स्वतःचा इथे गाडीचा विमा नसला, तर त्या गाडीच्या पीआयपीतून त्यांनाही लाभ मिळतो. प्रवासी विमा कंपनीशी भांडण सुरू करण्याआधी हे पाहावं.

मिनेसोटात एक पर्याय असा आहे की घरातल्या दोन गाड्यांचं पीआयपी एकावर एक रचता येतं. याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. दोन गाड्या असतील तर उपचारांचे २० हजार ४० हजार होतात. यासाठी जादा हप्ता लागतो आणि ते वेगळं मागावं लागतं. ज्येष्ठ जोडप्याने ते घ्यावं असं मला ठामपणे वाटतं. मात्र निवृत्तीनंतर दोनाची एक गाडी केलीत तर ही दुप्पट आपोआप जाते. गाडी विकताना फक्त हप्ता किती वाचला ते पाहू नका.

पीआयपी गाडीबाहेरही कामी येतं. तुम्ही संध्याकाळी फिरायला निघालात, फुटपाथवर बर्फाचा ढीग म्हणून रस्त्याच्या कडेने चाललात आणि गाडीने उडवलं, तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यातलं पीआयपी तुम्हाला लागू होतं, गाडी घरात उभी असली तरी. म्हणूनच स्टॅकिंगची शिफारस मी एवढ्या आग्रहाने करतो.

याला लागूनच येतो अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टचा विषय. ज्याने आपल्याला धडक दिली त्याच्याकडे विमाच नाही, किंवा आहे पण तुटपुंजा, तर आपलीच कंपनी आपली भरपाई करते. मिनेसोटात दोन्ही सक्तीची आहेत, पण किमान मर्यादा २५/५० हजारांचीच. अंडरइन्शुअर्डची इथली रचना ग्राहकाच्या बाजूची आहे: समोरच्याच्या मर्यादेवर आपली मर्यादा जोडून मिळते. समोरच्याकडे किमान ३० हजार, तुमचं ठरलेलं नुकसान दोन लाख, आणि तुमचं अंडरइन्शुअर्ड अडीच लाख असेल, तर उरलेले १ लाख ७० हजार तुमच्या पॉलिसीतून मिळू शकतात. किमान मर्यादा ठेवली असेल तर फक्त २५ हजार. सत्तरीत खुबा मोडल्यावर महिनोन्‌महिने घरी मदतनीस लागतो. तशी दीर्घकाळची घरगुती देखभाल मेडिकेअर देत नाही. ती या पैशांतून होऊ शकते. लायबिलिटी अडीच लाखांवर नेत असाल तर याच पानावर हेही तेवढंच न्या.

सवलतींच्या बाबतीत एक गोष्ट मिनेसोटात पक्की आहे. ५५ वर्षांवरच्या चालकाने मान्यताप्राप्त अपघात-प्रतिबंधक वर्ग पूर्ण केला तर कंपनीला हप्त्यात किमान १० टक्के सूट द्यावीच लागते. ती तीन वर्षं टिकते, पुढे उजळणीचा वर्ग केला की चालू राहते. एएआरपीसारख्या संस्था हे वर्ग घेतात, घरबसल्या संगणकावरही होतात. पती-पत्नी दोघांनी करावेत. कामावर जाणं बंद झाल्याचं आणि वर्षाचे मैल कमी झाल्याचं कळवलं की हप्ता आणखी खाली येतो. चालवण्यावर नजर ठेवणारं मोबाइल अॅप घेण्याबद्दल मी थोडा साशंक आहे. ते अचानक ब्रेकची नोंद ठेवतं, आणि बर्फाच्या महिन्यांत अचानक ब्रेक हा दरवेळी चालकाचा दोष नसतो. टोरांटोच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी: ओंटारिओत हिवाळी टायर लावणाऱ्याला सूट देणं कंपन्यांना २०१६ पासून सक्तीचं आहे. मिनेसोटात तशी सक्ती नाही, पण ते टायर लावावेतच. थंडीत साधं रबर कडक होतं आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं.

हे सगळं दरवर्षी पुन्हा पाहावं लागतं, कारण सुरुवातीच्या ज्येष्ठ वर्षांत हप्ता कमी असतो आणि सत्तरीच्या पुढे तो पुन्हा चढू लागतो. त्या चढत्या हप्त्याला घाबरून लोक लायबिलिटी कापतात. कापायचंच असेल तर कोलिजन कापा.

शेवटचा विषय थंडी टाळून दक्षिणेत जाणाऱ्यांचा. डिसेंबरात फ्लोरिडा किंवा ॲरिझोना गाठायचं आणि एप्रिलमध्ये परतायचं, असा नेम असलेली मराठी जोडपीही आता पुष्कळ आहेत. गाडी बरोबर नेत असाल तर कंपनीला कळवा, कारण हप्ता गाडी मुख्यतः कुठे उभी असते त्यावरही ठरतो, आणि चुकीच्या पत्त्यामुळे दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो. फ्लोरिडाचा कायदा सांगतो की बाहेरच्या माणसाची गाडी मागच्या ३६५ दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिली तर त्यापुढे तिला तिथल्या नियमाप्रमाणे नो-फॉल्ट विमा हवा. चार महिने राहणाऱ्याला हे लागू होतं.

गाडी मिनेसोटातच गॅरेजमध्ये ठेवून जाणार असाल तर चालवण्याशी संबंधित कव्हर तेवढ्या काळापुरतं थांबवून फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह चालू ठेवायची सोय अनेक कंपन्या देतात. चोरी, आग, छप्पर कोसळणं त्यात राहतं. उबेच्या शोधात बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या तर ते त्यात येतं का, हे मात्र आपल्या पॉलिसीत वाचून घ्या. सगळी पॉलिसी बंद करण्याची चूक करू नका. विम्यात खंड पडला की पुढची पॉलिसी महाग मिळते. आणि घरातली दुसरी गाडी विकून टाकली असेल तर लायबिलिटी, पीआयपी, अंडरइन्शुअर्ड थांबवण्याआधी दोनदा विचार करा, कारण दक्षिणेत भाड्याने गाडी घेताना आणि तिथल्या रस्त्यावर पायी चालताना तीच कव्हर आपल्या पाठीशी असतात. थांबवलीच असतील तर गाडीची किल्ली मुलांना, नातवंडांना देऊ नका. परत आल्यावर बॅटरी जोडण्याआधी एजंटला कळवा, आणि कव्हर पुन्हा सुरू झाल्याचा ईमेल येईपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढू नका.